बिढार आणि वारसा : नेमाडे यांच्या लेखनातील घराचा इतिहास

१

भालचंद्र नेमाडे यांच्या लेखनाचा विचार मराठी समीक्षेत प्रायः दोन वेगळ्या दालनांत होत आला आहे. एका दालनात ‘कोसला’पासून ‘हिंदू’पर्यंतच्या कादंबऱ्या, त्यांतील नायकांचे परात्मपण, निवेदनाची मोडतोड आणि भाषेची बेगुमान वळणे यांची चर्चा होते, दुसऱ्यात ‘टीकास्वयंवर’ (१९९०) या ग्रंथातील निबंध, देशीवादाची मांडणी आणि तिच्यावरचे आक्षेप यांची. दालने वेगळी असली तरी मधली भिंत पातळ आहे, निबंधांत जे सिद्धान्तरूपाने सांगितले तेच कादंबऱ्यांत अनुभवरूपाने आले, असे बहुतेकांनी गृहीत धरले आहे. नेमाडे यांचे पाठीराखे आणि विरोधक यांचे ज्या थोड्या बाबतींत एकमत होते, त्यांपैकी ही एक.

प्रस्तुत लेखाचे म्हणणे थोडे निराळे आहे. कुटुंब आणि आपण कोणाचे, कोठले, हा प्रश्न एवढ्यापुरते पाहिले, तर निबंधकार नेमाडे आणि कादंबरीकार नेमाडे एका वाटेने चाललेले दिसत नाहीत. निबंधकाराला माणूस कोठला हे ठाऊक असते. कादंबरीकाराला ते शोधावे लागते, आणि शोधाअंती हाती जे लागते ते निबंधाच्या कामाचे नसते. ही विसंगती लेखकाचा दोष म्हणून नोंदवण्याचा येथे हेतू नाही. उलट कादंबऱ्यांचे बळ तेथेच आहे असे मला वाटते. परंतु कादंबऱ्या निबंधांच्या आधारे वाचण्याची जी सवय आपल्याला लागली, तिच्यामुळे हे बळ झाकले गेले आहे.

हा प्रश्न मला केवळ पुस्तकी वाटत नाही, याला मी राहतो ते ठिकाण कारण असावे. दहिसरपाशी मुंबई महानगरपालिकेची हद्द संपते आणि पुढले स्थानक मीरा रोड लागते. मिठागरे, भातशेते आणि खाजणे यांच्या जागी प्रामुख्याने १९८० नंतर उभी राहिलेली ही वस्ती. १९८५ साली मीरा-भाईंदरची नगरपरिषद झाली, २००२ साली महानगरपालिका. २०११च्या जनगणनेत लोकसंख्या आठ लाखांच्या वर गेली होती. राई, मोर्वा, मुर्धा, उत्तन, घोडबंदर येथली आगरी, कोळी व ख्रिस्ती कुटुंबे जुनी. बाकी आम्ही सारे आलेले. १९८२च्या गिरणी संपानंतर लालबाग-परळच्या खोल्या सोडून मराठी कुटुंबे आली, १९९२-९३च्या दंगलींनंतर मुंबईतली अनेक मुसलमान कुटुंबे आली, गुजराती, मारवाडी, उत्तर भारतीय आले. अशा ठिकाणी ‘इथला कोण’ हा प्रश्न बहुधा झोपलेला असतो आणि मधूनच खडबडून उठतो. जानेवारी २०२४ मध्ये तो धर्माच्या नावाने उठला, तेव्हा नया नगर भागात दंगल झाली आणि पाठोपाठ बांधकामे पाडणारी यंत्रे आली. २०२५च्या जून-जुलैत तो भाषेच्या नावाने उठला : मराठी बोलण्यावरून एका दुकानदाराला मारहाण, तिच्या निषेधार्थ व्यापाऱ्यांचा मोर्चा, त्याला उत्तर म्हणून मराठी भाषकांचा मोर्चा. या दिवसांत ‘आपली माती’, ‘आपली मुळे’ हे शब्द इतक्या वेळा कानांवर पडले की नेमाडे यांचे निबंध पुन्हा काढून वाचावेसे वाटले. निबंध वाचून झाले आणि मग कादंबऱ्या काढल्या. पुढले विवेचन त्या क्रमातून आले आहे.

२

‘बिढार’ हा शब्द नेमाडे यांनी कादंबरीच्या नावासाठी निवडला, यात योगायोग थोडा आणि भाषेची जाण पुष्कळ आहे. बिढार अथवा बिऱ्हाड म्हणजे मुक्कामाची, भाड्याची, आज आहे उद्या नाही अशी जागा. विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर, ही म्हण त्या अर्थाने सर्वांच्या तोंडी आहे. परंतु याच शब्दाचा दुसरा अर्थ कुटुंब असाही आहे. ‘खालच्या मजल्यावर एक बिऱ्हाड राहते’ असे आपण म्हणतो तेव्हा जागेविषयी नव्हे, माणसांविषयी बोलत असतो. बिऱ्हाडबाजले उचलणे म्हणजे भांडी-अंथरुणे आणि मुलेबाळे सगळ्यांसकट निघणे. कुटुंब आणि तात्पुरता मुक्काम या दोन गोष्टी ज्या भाषेने एका शब्दात बसवल्या, त्या भाषेला घरांविषयी काही निराळे माहीत असले पाहिजे.

या शब्दासमोर ठेवावा असा शब्द म्हणजे ‘वतन’. मराठीत वतन म्हणजे वंशपरंपरेने चालत आलेला अधिकार, त्याच्याशी बांधलेली जमीन आणि गावातला मान. शब्द मूळ अरबी. माझ्या शेजारच्या इमारतीत राहणारी उर्दूभाषक मंडळी तोच शब्द मायभूमी किंवा मूळ गाव या अर्थाने वापरतात. सुटीत ते ‘वतन’ला जातात, आम्ही ‘गावाला’ जातो, आणि दोघे एकाच महिन्यात तिकिटांसाठी धावतो. मराठीने त्या शब्दातला जिव्हाळा वजा करून हक्क तेवढा ठेवला, हे आपल्या सामाजिक इतिहासाला धरूनच झाले.

नेमाडे यांची पिढी लिहू लागली तो काळ वतन संपून बिढार सुरू होण्याचा आहे. ‘कोसला’ १९६३ साली देशमुख आणि कंपनीने प्रसिद्ध केली. त्याच्या आदल्या वर्षीच्या कायद्याने महाराष्ट्रातील मुलकी पाटलांचे वंशपरंपरागत पद रद्द झाले होते. १९६१च्या कायद्याने शेतजमिनीच्या धारणेवर मर्यादा आली, आणि ती चुकवण्यासाठी एका चुलीवर जेवणारी कुटुंबे कागदावर विभक्त होऊ लागली. आणि १९६३ सालीच, मुंबईत मालकी हक्काच्या सदनिका विकणाऱ्या बिल्डरांना वेसण घालणारा महाराष्ट्राचा कायदा झाला, ज्याच्या आधाराने पुढे दहिसरच्या अलीकडे-पलीकडे लाखो माणसांनी आपले घर ‘घेतले’. घर बांधणे जाऊन घर घेणे हे क्रियापद रूढ झाले, ते याच सुमारास. ‘कोसला’च्या कर्त्याने हे कायदे डोळ्यांसमोर ठेवले होते असे सुचवण्याचा प्रश्नच नाही. पंचविशीतल्या लेखकाने काही आठवड्यांत झपाटून लिहिलेले ते पुस्तक आहे. परंतु चांगदेव नावाचा एक ‘पाटील’ भाड्याच्या खोल्यांतून हिंडत राहतो, या कल्पनेतला उपरोध पाटीलकीचा शेवट पाहिलेल्या वाचकाला समजावून सांगावा लागला नसेल.

३

‘कोसला’च्या पांडुरंग सांगवीकराविषयी इतके लिहिले गेले आहे की त्यात भर घालताना संकोच वाटतो. तो पुण्याच्या झगमगाटात हरवलेला खेडूत, तो मूल्यहीन शिक्षणव्यवस्थेचा बळी, तो अस्तित्ववादी नायकाचा खानदेशी अवतार. यांपैकी शेवटले म्हणणे तर आता काहीसे केविलवाणे वाटते. या सगळ्या वाचनांत त्याच्या घराकडे पार्श्वभूमी म्हणून पाहिले गेले. वस्तुतः कादंबरीच्या हिशेबाचे खाते घरातच उघडलेले आहे.

हिशेब हा शब्द येथे जाणूनबुजून वापरतो आहे. पांडुरंग आणि वडील यांच्यातला व्यवहार मुख्यतः पैशांचा आहे. वडील गावातले वजनदार गृहस्थ. मुलगा पुण्यात मेस चालवतो, गॅदरिंगे करतो, मित्रांवर उधळतो, कर्ज करतो, आणि ते फेडायचे वडिलांनी. मुलगा वडिलांचा तिरस्कार करतो आणि त्यांच्या मनीऑर्डरीवर जगतो. आपल्या कादंबरीत पितापुत्रसंघर्ष नवा नव्हता. परंतु तो बहुधा तत्त्वांचा संघर्ष असे : सुधारणा आणि सनातनीपणा, देशसेवा आणि नोकरी. नेमाडे यांनी त्यातली तत्त्वे काढून घेतली आणि मागे उरलेली खतावणी दाखवली. पांडुरंग एकुलता मुलगा आहे. जे काही आहे ते त्याचेच होणार आहे. हे ‘त्याचेच होणार’ असणे त्याला सुटू देत नाही आणि आपलेसेही वाटू देत नाही. तो नापास होऊन सांगवीला परततो तेव्हा घरी आलेला नसतो. वारसाच्या जागेवर येऊन बसलेला असतो.

या हिशेबात न बसणारे माणूस एकच आहे : मणी. धाकटी बहीण. पांडुरंग पुण्यात असताना ती देवीच्या साथीने जाते. साऱ्या कादंबरीभर प्रत्येक गोष्टीची टर उडवत, ‘वगैरे’ आणि ‘उदाहरणार्थ’ यांच्या आडून बोलणारा निवेदक या ठिकाणी कोसळतो, आणि मराठी गद्यात शोकाची जी थोडी अस्सल पाने आहेत त्यांतली काही तेथे येतात. त्यानंतर येणारे अजिंठ्याचे प्रकरण समीक्षकांनी बुद्धाच्या करुणेशी जोडले, ते योग्यच आहे. परंतु एक साधी गोष्ट नजरेतून निसटते. ज्या माणसाशी पांडुरंगाचे नाते सर्वाधिक निरपेक्ष आहे, ते माणूस त्या घराच्या वारशात कोठेही नाही. मणी जगली असती तर लग्न होऊन दुसऱ्या गावी गेली असती. ते घर तिचे बिढारच होते. आणि तरीही, किंवा त्यामुळेच, पांडुरंगाला त्या घरातले फक्त तिचे जाणे आपले वाटते.

हरिभाऊ आपट्यांनी ‘पण लक्षात कोण घेतो?’ या कादंबरीत एकत्र कुटुंब एका मुलीच्या तोंडून सांगितले, आणि त्या घरातल्या कोंडीची आजवर न दिसलेली बाजू दिसली. उद्धव शेळक्यांच्या ‘धग’मध्ये (१९६०) कौतिक कुटुंबाचा गाडा एकटीने ओढते, तिला वारशात मिळालेले काही नाही, जे आहे ते अंगमेहनतीचे. या परंपरेत ‘कोसला’ ठेवून पाहण्याची आपल्याला सवय नाही, कारण ती तरुण पुरुषाची कादंबरी म्हणून नावाजली गेली. पण घर कळायला घरात हक्क नसलेल्या माणसाकडे पाहावे लागते, हे सूत्र तिन्हींत समान आहे. फरक इतकाच की आपटे आणि शेळके यांनी ते माणूस मध्यभागी ठेवले. नेमाडे यांनी ते मारले, आणि उरलेली कादंबरी त्या रिकाम्या जागेभोवती फिरत राहिली. हा पुरुषी सोयीचा मार्ग आहे असा आक्षेप घेता येईल. तो मी पूर्णतः नाकारणार नाही. बहीण मेली म्हणून तिच्यावर एवढे लिहिता आले. जगलेल्या बहिणींना कादंबरीने फार वेळ दिलेला नाही.

४

‘बिढार’ (१९७५), ‘जरीला’ (१९७७), ‘झूल’ (१९७९) आणि पुढे ‘हूल’ धरून झालेले चांगदेव चतुष्टय यांविषयी येथे थोडक्यात लिहितो. या कादंबऱ्यांचे सामाजिक दस्तऐवज म्हणून मोल मोठे आहे : स्वातंत्र्यानंतर जिल्ह्याजिल्ह्यांत निघालेल्या शिक्षणसंस्था, त्यांवर बसलेल्या जाती, इंग्रजी शिकवणाऱ्या तरुण मास्तरांची तेथे झालेली कुतरओढ, हे सगळे इतक्या तपशिलाने दुसरीकडे आलेले नाही. कलाकृती म्हणून त्या मला सैल वाटत आल्या आहेत, आणि हे मत पुनर्वाचनानंतरही बदलले नाही.

मात्र घराच्या दृष्टीने त्यांत एक महत्त्वाची गोष्ट घडते. पांडुरंगाला परतायला घर होते. चांगदेवाचे परतणे संपले आहे. एका गावातून दुसऱ्या गावात, एका कॉलेजातून दुसऱ्या कॉलेजात, प्रत्येक ठिकाणी नवी खोली, नवे शेजारी आणि जातीची तीच चौकशी. गाव सुटले म्हणून जात सुटत नाही. उलट गावात जी जमिनीशी, कामाशी, सणावारांशी बांधलेली होती, ती येथे नुसती ओळखपत्रासारखी उरते. जात ही सामाजिक सहजीवनाची एक रीत आहे असे निबंधकार नेमाडे यांनी पुढे कधी सुचवले, आणि त्यावर दलित व स्त्रीवादी अभ्यासकांनी घेतलेले आक्षेप सर्वश्रुत आहेत. त्या आक्षेपांचा एक मोठा भाग चांगदेवाच्या कादंबऱ्यांतूनच काढता येईल, याकडे कोणी फारसे लक्ष दिलेले नाही. सहजीवन गेल्यावर जातीचे काय उरते, याचे इतके कोरडे चित्र जातिव्यवस्थेच्या समर्थकाला परवडण्यासारखे नव्हते.

५

आता निबंधांकडे. देशीयतेविषयीच्या नेमाडे यांच्या मांडणीचा गाभा सर्वांना परिचित आहे. साहित्य हे एका विशिष्ट भूमीत, विशिष्ट भाषक समूहाच्या जगण्यातून उगवते. त्याची मूल्ये त्या परंपरेतूनच शोधली पाहिजेत. संस्कृत मार्गी परंपरेचे अथवा इंग्रजी साम्राज्याबरोबर आलेल्या आंतरराष्ट्रीयतेचे निकष त्याला बाहेरून लावणे म्हणजे स्वतःचा न्यूनगंड जोपासणे. देशीवाद म्हणजे पुनरुज्जीवनवाद नव्हे, हेही त्यांनी वारंवार बजावले आहे. १९९१ साली ‘टीकास्वयंवर’ला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला, गणेश देवी यांच्यासारख्या अभ्यासकांनी ही विचारधारा इंग्रजीतून मराठीबाहेर नेली. वसाहतीने दिलेल्या आत्मविस्मृतीवर तो एक खणखणीत उतारा होता, आणि त्या काळी तो आवश्यक होता असे मी मानतो.

अडचण रूपकाची आहे. भूमी, मूळ, रोप, बी : या शब्दांत आपलेपणाचा विचार केला की काही गोष्टी आपोआप ठरून जातात. रोपाला जागा बदलता येत नाही, बदलली तर ते सुकते. आणि मग जो जागा बदलून आला आहे, त्याच्याविषयी या विचाराला बोलण्यासारखे काही उरत नाही. फार तर त्याची कीव करता येते. मीरा रोडच्या मोर्च्यांतल्या घोषणांसाठी नेमाडे यांना जबाबदार धरणे अन्यायाचे होईल. पण ‘माती’चे रूपक सैद्धान्तिक निबंधातून रस्त्यावर यायला फार अंतर कापावे लागत नाही, हेही खरे.

आश्चर्य असे की ज्या दोन परंपरांवर नेमाडे यांची देशीयता उभी आहे, त्या दोन्ही परंपरा चालणाऱ्या माणसांच्या आहेत. महानुभाव पंथ घ्या. परंपरेनुसार चक्रधर मूळचे गुजरातेतले, भरुचच्या प्रधानाचे पुत्र. त्यांनी मराठीला धर्मभाषा केले आणि अनुयायांना महाराष्ट्रात राहण्यास सांगितले. म्हणजे ज्या भूमीचा आग्रह धरला ती त्यांनी निवडलेली होती, जन्माने मिळालेली नव्हती. शिष्यांना आज्ञा अटनाची : एका ठिकाणी घर करू नये, ओळखी वाढवू नयेत, भिक्षा मागत फिरावे. मराठीतला आद्य गद्यग्रंथ ‘लीळाचरित्र’ हा एका अर्थाने मुक्कामांचा ग्रंथ आहे; गावे येतात, देवळे येतात, रात्र सरते, मंडळी पुढे निघतात. पुढे हाच पंथ पंजाबात ‘जयकृष्णी’ नावाने पसरला आणि त्याचे मठ पेशावर-काबूलपर्यंत गेले. मराठी पोथ्या सांकेतिक लिपीत बांधून, जन्माने मराठी नसलेल्या माणसांनी त्या प्रदेशांत शतकानुशतके वाचल्या. त्या वाचकांचे मराठीशी असलेले नाते कोणत्या मातीतून उगवले म्हणावे?

वारकऱ्यांविषयी वेगळे सांगण्याची गरज नाही. त्या संप्रदायाचे नावच चालण्यावरून पडले. तुकारामांवर नेमाडे यांनी साहित्य अकादमीसाठी इंग्रजीत पुस्तिका लिहिली आहे. दुष्काळात घर उद्ध्वस्त झाल्यावर तुकारामांनी भावाबरोबर कर्जखतांची वाटणी केली आणि आपल्या वाट्याची खते इंद्रायणीत बुडवली, ही कथा सर्वांना ठाऊक आहे. तिच्यातला तपशील बोलका आहे. भावाचा वाटा भावाला दिला. कुटुंब नाकारले नाही, खतावणी तेवढी बुडवली. पांडुरंग सांगवीकराला जे जमले नाही, ते हे.

आणखी एक उदाहरण नेमाडे यांच्याच मराठी कादंबरीविषयक विवेचनातून घेता येईल. ‘यमुनापर्यटन’ (१८५७), ‘मुक्तामाला’ (१८६१) आणि ‘मोचनगड’ (१८७१) या तीन कादंबऱ्यांपासून वास्तववादी, अद्भुतरम्य व ऐतिहासिक असे तीन प्रवाह निघाले, आणि त्यांतला पहिला प्रवाहच कादंबरीच्या स्वभावाला अनुसरून आहे, ही त्यांची मांडणी आता पाठ्यपुस्तकांत गेली आहे. हा पहिला प्रवाह सुरू करणारे बाबा पदमनजी बेळगावचे. १८५४ साली ख्रिस्ती झाले आणि त्याची किंमत आप्तांपासून दुरावण्याच्या रूपाने त्यांना मोजावी लागली. त्यांची कादंबरी एका जोडप्याच्या प्रवासाची आहे. यमुना आणि विनायक गावोगाव जातात, मुक्काम करतात, आणि इतरांच्या घरांतल्या विधवांच्या हालांकडे पाहतात. शेवटी यमुना स्वतःच विधवा होते. मराठी कुटुंबाचे पहिले वास्तव चित्र घराबाहेर पडलेल्या माणसाने, परक्यांच्या ओसरीवर बसून काढले. नेमाडे यांनी या पुस्तकाला जे अग्रस्थान दिले, त्यात त्यांची कादंबरीकाराची नजर काम करत होती. निबंधकाराने मात्र त्यातले ‘पर्यटन’ बाजूला ठेवले.

येथे क्षणभर मराठीबाहेर पाहावेसे वाटते. कोकणात जन्मलेले रहमान अब्बास यांच्या ‘रोहझिन’ (२०१६) या उर्दू कादंबरीला २०१८ साली साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. तिचा नायक कोकणातल्या एका गावातून मुंबईत येतो, आणि कादंबरीचा शेवट २००५च्या जुलैतल्या महापुराशी येऊन भिडतो. समुद्र, गाव, मुंबईतली गाववाल्यांची सामायिक खोली, ही सामग्री श्री. ना. पेंडसे यांच्या वाचकाला परकी वाटू नये. भूमी तीच, भाषा दुसरी. देशीवादाच्या चौकटीत हे पुस्तक कोठे ठेवायचे, हा प्रश्न त्या चौकटीला विचारला पाहिजे; पुस्तकाला नव्हे.

६

‘हिंदू : जगण्याची समृद्ध अडगळ’ २०१० साली आली तेव्हा तिच्या नावावरून जो गदारोळ झाला, त्यात उपशीर्षकाकडे पाहायला कोणाला सवड नव्हती. निबंध वारशाचा गौरव करत असताना कादंबरी त्याला अडगळ म्हणते. समृद्ध, पण अडगळ. खंडेराव पुराणवस्तुसंशोधक आहे. मोहेंजोदडोच्या परिसरात उत्खननाच्या कामावर असताना वडील अत्यवस्थ असल्याचे त्याला कळते आणि तो मोरगावला निघतो. घराण्याचा वारस घरी परततो, ही ‘कोसला’ची चौकटच पुन्हा आली आहे; परंतु सत्तेचाळीस वर्षांनंतर तिच्यातला पाहणारा बदलला आहे. पांडुरंग घराचा हिशेब करत होता. खंडेराव घर खणतो. थरांवर थर : कुणब्यांचे घर, त्याखाली गाव, बलुतेदार, भटके तांडे, पंथ, स्थलांतरे. उत्खननात एक गोष्ट प्रत्येक विद्यार्थ्याला शिकवतात की खालच्या थरातला माणूस वरच्या थरातल्या माणसाचा पूर्वज असेलच असे नाही. त्या जागेवर कोण कोण राहून गेले, एवढेच थर सांगतो. आपलेपणाविषयी याहून अ-देशीवादी विधान दुसरे कोणते असू शकेल?

आणि या अडगळीत सर्वाधिक जागा कोणी व्यापली आहे, तर घरातल्या बायकांनी. लेकी, सुना, विधवा, महानुभाव संन्यासिनी होऊन दूर गेलेली आत्या. घराण्याच्या वंशावळीत ज्यांची नावे येत नाहीत त्यांच्या हकीकतींनी कादंबरी भरून वाहते. मणीला न मिळालेला वेळ येथे तिच्या वडीलधाऱ्या स्त्रियांना मिळाला, असे म्हणता येईल. रंगनाथ पठारे यांनी ‘सातपाटील कुलवृत्तांत’ (२०१९) लिहिताना कुलवृत्तांत हा घराण्याच्या अभिमानाचा वाङ्मयप्रकार उलटा करून घेतला. कुळाची अशी झडती घेण्याची वाट ‘हिंदू’ने त्याआधी मोकळी केली होती, याची नोंद व्हायला हवी.

मात्र खंडेरावाच्या पेचात एक गोष्ट अस्पर्श राहते. जमीन, घर, गावातली जागा हे सगळे स्वीकारावे की टाकून परत जावे, हा पेच त्याच्या एकट्याचा आहे, कारण वारस तो एकटा धरलेला आहे. कादंबरीतला काळ साठच्या दशकाच्या आसपासचा. १९५६च्या कायद्याने वडिलांच्या हिश्श्यात मुलीला वाटा मिळाला होता, परंतु एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत जन्माने येणारा सहदायादाचा हक्क मिळाला नव्हता. तो महाराष्ट्रात १९९४ साली मिळाला, तोही त्याआधी लग्न झालेल्या मुलींना वगळून. २००५ साली केंद्राच्या दुरुस्तीने ही अट गेली, आणि तिच्या अर्थाविषयीचा घोळ सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली मिटवला. ‘हिंदू’ लिहून प्रसिद्ध होईपर्यंतच्या अवधीत मोरगावातल्या लेकी कायद्याने खंडेरावाच्या बरोबरीच्या वारस झाल्या होत्या. व्यवहारात काय होते, ते तलाठ्याच्या कचेरीत बसणाऱ्या कोणालाही विचारावे : वडिलांच्या तेराव्याला बहिणी येतात, साडीचोळी होते, आणि जाण्यापूर्वी हक्कसोडपत्रावर सह्या होतात. सही न करणाऱ्या बहिणीचे माहेर तुटते. म्हणजे तिच्यापुढे पर्याय दोनच ठेवलेले असतात, वारसा किंवा आपलेपणा. भावाला दोन्ही मिळतात आणि तरीही तो पेचात असतो.

आमच्या इमारतीत बत्तीस बिऱ्हाडे आहेत. त्यांपैकी पाच सदनिका बायकांच्या एकटीच्या नावावर आहेत; सोसायटीच्या भागप्रमाणपत्रांचे काम दोन वर्षे माझ्याकडे होते म्हणून हे ठाऊक. त्यांतल्या एका बाई खानदेशातल्या, माहेर यावल तालुक्यातले, म्हणजे नेमाडे यांच्या सांगवीच्याच बाजूचे. वडील वारले तेव्हा त्यांनी सही केली. त्यांच्या लॉफ्टवर आजीची तांब्याची दोन भांडी, एक पितळी दिवा आणि एक मोडके जाते आहे. जाते वर चढवायला तीन माणसे लागली होती, आणि सोसायटीच्या सभेत ते वजन स्लॅबला झेपेल का, यावर अर्धा तास चर्चा झाली. ते कशाला ठेवले आहे, असे मी विचारले तेव्हा त्या म्हणाल्या की भावाकडे ते गोठ्यात पडले होते.